पूजेला ठेवलेली वही

आधी त्यांनी माझ्या हातात बन्नीची दोन पानं ठेवली आणि मग कागद.

"घ्या, बंगार. दसऱ्याला तुम्ही नव्हता," कारखान्याचे मॅनेजर प्रभंजन सर म्हणाले. आमच्या धारवाड-हुबळीत शमीला बन्नी म्हणतात आणि बंगार, म्हणजे सोनं, म्हणून तिचीच पानं वाटतात. चार दिवसांत ती वाळून चुरा व्हायला आली होती. मी ती मुठीत धरली आणि कागद वाचला.

चारच ओळी होत्या. 'मी, वैशाली केदारी, मेल सर्व्हरची देखभाल करताना माझ्या निष्काळजीपणामुळे तक्रार समितीचा फोल्डर इतरांना खुला झाला, हे मान्य करते.' खाली सहीसाठी जागा सोडली होती.

"मी काही केलेलं नाही, सर."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. बेंगळूरच्या सपोर्टवाल्यानं शनिवारी पाठवलेली एक ओळ त्यांनी मोठी करून ठेवली होती. बुधवार, सकाळी अकरा चाळीस. परवानग्यांत बदल. बदल करणारं खातं माझं.

"बुधवारी मी गाडीत होते. दीक्षाभूमीला चालले होते. रजा तुम्हीच मंजूर केलीय."

"गाडीत मोबाईल असतोच की. मागं गणपतीत तुम्ही घरी बसून सर्व्हर सुरू केला नव्हता काय?"

केला होता. दोन दिवसांच्या तापात केला होता आणि तेव्हा हेच सर 'वाहवा' म्हणाले होते.

"आणि बघा वैशालीबाई, वाईट वाटून घेऊ नका," ते आणखी खालच्या आवाजात म्हणाले. "बुधवारी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्यात कोणी मशीनला हात लावत नाही. लेथवाला लेथला लावत नाही, टायपिस्ट कीबोर्डला लावत नाही. तुमच्यात ते नाही. मग हात लावणारं दुसरं कोण असणार, तुम्हीच सांगा."

हे सगळं ते मायेनं बोलत होते. ओरडणाऱ्या माणसाला ओरडून उत्तर देता येतं. मायेनं अपमान करणाऱ्याला काय द्यावं हे मला सोळा वर्षांत कळलेलं नाही. बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला आले की हे सर त्यांना माझ्या टेबलापाशी आणतात आणि म्हणतात, "आमच्याकडे आम्ही सगळ्यांना घेतो." मग पाहुणे माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते. सोळा वर्षं मी मान हलवली, याचाच मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला.

"पाच वाजेपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"सहीला कशाला वेळ लागतोय?"

"वाचायला लागतोय," असं म्हणून मी उठले.

बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पंपांच्या मोटारींचा कारखाना आहे. हुबळीहून कंपनीच्या बसनं मी रोज येते. मेल सर्व्हर माझ्याकडे आहे, म्हणजे कारखान्यातलं सगळं टपाल माझ्या हाताखालून जातं. कोणाला कोणतं कपाट दिसावं आणि कोणाला दिसू नये, हे बघणं माझं काम. हे काम नीट चाललेलं असतं तेव्हा ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बिघडलं की मात्र माझं नाव सगळ्यांना पाठ असतं.

दसऱ्याच्या आधी दहा दिवस, जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंग सेक्शनची राणी माझ्याकडे आली होती. मोटारीत तांब्याच्या तारेची गुंडाळी भरण्याचं काम करणारी, चोवीस वर्षांची पोरगी. आमच्याच समाजातली, बेलूर गावात राहणारी. तिला तिच्या सुपरवायझरची, योगेशची, तक्रार करायची होती. हातानं लिहिलेली तक्रार टेबलाटेबलांवर फिरते आणि वाटेत सगळे वाचतात, म्हणून तिनं ती लिहिली नव्हती. मी तिच्या मोबाईलवर मेल उघडून दिला. बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीचा पत्ता घालून दिला.

"कोण कोण वाचतील?" तिनं विचारलं.

"तीन माणसं. जयलक्ष्मी मॅडम, बाहेरच्या वकीलबाई आणि कामगारांतली एक बाई. चौथ्याला तो फोल्डर दिसतसुद्धा नाही."

"आणि तुम्ही?"

"मला बघता येतंय. पण मी बघत नाही."

"नक्की काय, अक्का?"

"माझा शब्द," मी म्हटलं.

मी नागपूरला गेले. शुक्रवारी कारखाना उघडला आणि चहाच्या सुट्टीत योगेशनं आपल्या मोबाईलवरून राणीचं पत्र चार जणांना वाचून दाखवलं. तिच्यासमोर, तिच्याच आवाजाची नक्कल करून. शनिवारी राणी कामावर आली नाही आणि सोमवारी, मी परत कामावर आले त्या दिवशीही, आली नाही. त्या पत्रात काय होतं ते मला विचारू नका. मी ते वाचलेलं नाही. अख्ख्या कारखान्यात ते न वाचलेली बहुधा मीच एकटी उरले होते.

सर्व्हर रूममध्ये येऊन बसले. आधी दार लावलं. म्हणजे तो फोल्डर बंद केला. चोर कोण हे नंतर बघता येतं, आधी दार. समितीची तिघं सोडून सगळ्यांची नावं काढली. ती मोजली तर अकरा निघाली. अकराही सुपरवायझर.

आता हे अकरा जण आत आले कसे? सर्व्हरवर फोल्डरांची उतरंड असते. वर मोठा, त्यात लहान, त्यात आणखी लहान. वरच्याला जी परवानगी द्याल ती खालचा आपोआप घेतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. सोयीचंच आहे ते. पण जिथे खालच्याचं वरच्याशी जमू नये, तिथे ती साखळी आपल्या हातानं तोडावी लागते. समितीचा फोल्डर मी मुळात अगदी वेगळा, बाजूला ठेवा म्हणत होते. दोन वर्षांपूर्वी हेच सर म्हणाले, "नको, माझ्या 'कर्मचारी' फोल्डरखालीच ठेवा. घरातलं घरात राहू दे." साहेबांचं घर. मी फोल्डर तिथे ठेवला आणि साखळी तोडून दिली, म्हणजे वर काही केलं तरी खाली झिरपणार नाही. दर महिन्याला मी ते तपासत होते.

तुटलेली साखळी पुन्हा जुळवायचा एकच मार्ग आहे. वरच्या फोल्डरची परवानगी बदलताना खाली एक चौकट येते. 'आतल्या सर्व फोल्डरना हेच लागू करा.' तिच्यात टिक मारली की आतल्यांचं स्वतःचं जे काही असेल ते पुसलं जातं. न विचारता.

बुधवारी अकरा चाळीसला कोणीतरी ती टिक मारली होती.

सपोर्टवाल्यानं सरांना एक ओळ पाठवली होती. मी त्या ओळीच्या आजूबाजूचं सगळं उघडलं. अकरा अडतीसला 'कर्मचारी' फोल्डरमध्ये एक कागद टाकलेला होता: दसऱ्यानंतरच्या पाळ्यांची यादी. तो सुपरवायझरांना दिसावा म्हणून दोन मिनिटांनी अकरा जणांना वाचायची परवानगी दिलेली. आणि टिक. कशावरून केलं हेही सर्व्हर लिहून ठेवतो. मोबाईलवरून नव्हे. बाहेरून नव्हे. मी बसले होते त्याच खोलीतल्या, त्याच कीबोर्डवरून.

खोलीला कुलूप असतं. तिची किल्ली माझ्या लाल वहीला दोरीनं बांधलेली असते आणि ती वही लोखंडी कपाटात असते. पासवर्ड वहीत लिहून ठेवायचे हा सरांचाच हुकूम. "उद्या तुम्हाला काही झालं तर?" असं त्यांनी मला विचारलं होतं, तेही मायेनंच.

फक्त गेल्या मंगळवारपासून ती वही कपाटात नव्हती. मंगळवारी मी ती माझ्या हातानं बाहेर दिली होती.

आमच्याकडे खंडेनवमीला प्रत्येक खात्याचं हत्यार पूजेला जातं. फिटरचे पाने, स्टोअरचा तराजू, ऑफिसचे शिक्के. सोळा वर्षं मी काही दिलं नाही आणि कोणी मागितलं नाही. यंदा मंगळवारी दुपारी ऑफिसातल्या अंबूताई परात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "अक्का, समद्यांचं आलंय. तुमचंच राहिलंय बघा," म्हणाल्या. मला गाडी गाठायची होती. अंबूताईंना नाही म्हणायला जीभ वळत नाही, त्या माझ्या डब्यात रोज न विचारता चटणी घालतात. माझं हत्यार कोणतं हे सुचेना. टेबलावर ती वही होती, किल्लीसकट. मी उचलून दिली.

मूर्खपणा म्हणाल तर मूर्खपणाच. पण त्याच्यामागे एक विचार होता आणि तो आठवला की आजही माझी कानशिलं तापतात. पूजेला ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत कोणी शिवत नाही, हे मी लहानपणापासून शेजारच्या घरांत बघितलं होतं. कपाटापेक्षा वही तिथेच जास्त सुरक्षित, असं मला वाटलं. त्यांचा देव मी मानत नाही, पण ते मानतात यावर मी विश्वास ठेवला.

वही सकाळीच अंबूताईंनी परत आणून दिली होती. कव्हरवर हळद, कुंकू, झेंडूची एक पाकळी. ते असणारच होतं. मी वही उघडली. पहिली सगळी पानं स्वच्छ होती. चौदाव्या पानावर, माझ्या खात्याच्या पासवर्डच्या शेजारी, समासात कुंकवाचा ठसठशीत अंगठा उमटला होता. देव काही वही उघडून चौदावं पान काढत नाही.

अंबूताई मागच्या मोरीपाशी कप विसळत होत्या. मी नुसती वही दाखवली. त्यांनी नळ बंद केला.

"सर आलते," त्या म्हणाल्या. "पूजा झाल्यावर आलते. वही उचलली. मी म्हटलो, सर, पूजेतलं हाय, उद्यापत्तर हात लावायचं न्हाई. तर म्हणाले, देवाला समदं कळतंय, दोन मिनिटाचं काम हाय. मी काय म्हणणार, सांगा की."

"काही नाही. तुम्ही बरोबर बोललात."

"अक्का, माझं नाव तेवढं घेऊ नका. पोरगी विद्यानगरात कॉलेजला हाय."

"नाही घेत," मी म्हटलं. आणि म्हणताना लक्षात आलं की पंधरवड्यात मी दुसऱ्या बाईला शब्द देत होते.

पाचला पाच कमी असताना मी केबिनमध्ये गेले. सरांचं पेन कागदावर तयार ठेवलेलं होतं. मी कागदावर वही उघडी ठेवली आणि शेजारी सर्व्हरची छापलेली पानं.

"हे काय?"

"चौदावं पान. बुधवारी अकरा अडतीसला पाळ्यांची यादी कोणी टाकली, सर?"

ते अंगठ्याकडे बघत राहिले. नंतर आपल्या अंगठ्याकडे बघितलं, जणू त्याच्यावर अजून काही असेल. मला वाटलं होतं ते नाकारतील. नाकारतील म्हणून मी सगळी उत्तरं घोकून आले होते. त्यांनी नाकारलं नाही.

"अरे हो," ते म्हणाले. "यादी टाकायची राहिली होती. घरी सगळे वाट बघत होते. तुम्ही नव्हता म्हणून मीच केलं. पण समितीचा फोल्डर मी कुठे उघडला?"

"खाली एक टिक मारलीत."

"टिक काय, दिसली तिथे मारली. माणूस नेहमीच मारतो." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "बरं, झालं ते झालं. आता बंद केलंत ना? मग संपलं. कागद बदलू. तुमचं नाव नको, माझंही नको. 'तांत्रिक बिघाडामुळे' असं घालू. कोणाचंच काही जात नाही."

त्यांना खरंच वाटत होतं की ते माझ्यावर उपकार करताहेत. सकाळी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेला माणूस संध्याकाळी फाशीच रद्द करत होता, कारण दोर त्याच्या गळ्याशी आला होता. आणि 'कोणाचंच काही जात नाही' म्हणताना वाइंडिंग सेक्शनमधलं रिकामं स्टूल त्यांच्या डोळ्यांपुढे आलंसुद्धा नाही.

"बिघाड झालाच नाही, सर. सर्व्हरला जे सांगितलं ते त्यानं केलं. बिघाड म्हणायचं तर कोणाचा म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे."

"वैशालीबाई, आवाज."

"सकाळी तुम्ही म्हणालात, आमच्यात ते नाही, म्हणून हात लावणारी मीच. मी त्या पूजेला शिवले नाही. तुम्ही शिवलात. ओली कुंकवाची बोटं घेऊन शिवलात. अकरा जणांनी त्या पोरीचं पत्र वाचलं आणि तुम्ही मला पानं दिलीत." मी ओढणीची गाठ सोडली. सकाळपासून ती पानं तिथेच बांधून ठेवली होती. त्यांचा चुरा मी त्यांच्या टेबलावर झटकला.

माझा आवाज चढला होता. बाहेर टायपिंग थांबल्याचं ऐकू आलं. सोळा वर्षांत या केबिनमध्ये मी चढ्या आवाजात बोलले नव्हते. बोलता येतं हे कळलं आणि इतकी वर्षं का बोलले नाही याचा पुन्हा राग आला.

सही मी केली, पण माझ्या कागदावर. काय झालं, किती वाजता, कुठल्या कीबोर्डवरून, कोणी टाकलेल्या यादीसाठी. माझी वही मी कपाटाबाहेर दिली, तेही लिहिलं. कुंकवाच्या पानाचा फोटो जोडला. अंबूताईंचं नाव कुठेही नव्हतं. समितीच्या जयलक्ष्मी मॅडमना पाठवलं आणि एक प्रत सरांना. मग फोल्डर 'कर्मचारी'च्या खालून काढून अगदी वेगळा, वरच्या पायरीवर ठेवला, जिथे त्याच्यावर कोणीच नाही. एका सुपरवायझरसारखं चाचणीचं खातं बनवलं आणि बाहेरून डोकावून बघितलं. तिथे काहीच दिसत नव्हतं. सगळं कसं छान बंद झालं होतं, पाच दिवस उशिरा.

कंपनीची बस मी सोडली आणि बेलूर गावात गेले.

राणीची आई बाळाबाई दारातच भाकऱ्या थापत बसली होती. मला ओळखून तिनं पाट पुढे केला नाही, नुसतं आत बघून हाक मारली. राणी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. टिक, वही, अंगठा. फोल्डर आता कसा बंद केलाय तेही सांगितलं. सांगता सांगता मलाच ते सगळं फार लांबचं वाटायला लागलं.

"म्हणजे तुम्ही केलं नाही," राणी म्हणाली.

"नाही. पण वही मीच दिली होती."

"पूजेला?"

"पूजेला."

बाळाबाईची थापणारी बोटं थांबली. "आपल्यात कवापास्नं?" एवढंच तिनं विचारलं.

"तुम्ही वाचलं काय, अक्का, माझं लेटर?"

"नाही."

"आता तरी?"

"नाही."

"ज्यांनी वाचायचं न्हवतं त्यांनी समद्यांनी वाचलं," ती म्हणाली. "वाचायला पायजे होतं त्या मॅडमनी अजून वाचलं काय न्हाई, देव जाणे."

आत जाऊन ती शाळेतली जुनी वही घेऊन आली. मधलं जोडपान काढलं आणि खाली बसून लिहायला लागली. मी पर्समधून पेन काढून पुढे केलं, तेवढं घेतलं. कन्नडमध्ये लिहीत होती, भराभर, कुठेही न थांबता. मी नजर चुलीकडे वळवून बसले. बाळाबाईनं शेवटची भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. लिहिणं चालूच होतं.

झाल्यावर मी हात पुढे केला. "दे. उद्या सकाळी मॅडम आल्या की पहिलं त्यांच्या हातात देते."

राणीनं कागद आपल्याकडे ओढला. रागानं नाही. तव्यापाशी गेलेल्या लेकराला बाजूला ओढतात तसा.

"तुमच्याकडं नको, अक्का," ती म्हणाली. "मीच येतो." आणि माझं पेन मला परत दिलं.

परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली. प्रभंजन सरांवरचा राग तसाच होता, पण आता त्यात काही बळ उरलेलं नव्हतं. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे पानंच्या पानं पुरावा होता. राणीच्या 'तुमच्याकडं नको' या दोन शब्दांविरुद्ध काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी नऊ वाजता मी सर्व्हर रूममध्ये होते. दाराला काच आहे, तिच्यातून व्हरांडा दिसतो. व्हरांड्याच्या टोकाला जयलक्ष्मी मॅडमची खोली. जिन्यापाशी योगेश आणि आणखी दोघे चहाचे कप घेऊन उभे होते.

राणी आली. कामाचा निळा कोट घातला होता, केस घट्ट बांधले होते. कागद हातात होता. त्याची घडी घातलेली नव्हती. पाकीट नव्हतं. छातीशी धरला होता आणि लिहिलेली बाजू बाहेर होती, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं अशी. जिन्यापाशी तिची चाल जराही कमी झाली नाही. योगेशनं कपात बघितलं.

ती माझ्या काचेसमोरून गेली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमचं दार वाजवून ती आत गेली, आणि दार लागेपर्यंत मी तशीच उभी होते.